दोन बांगड्या वाजल्या की पुरे

१४ मे १९४१, बुधवार

ही डायरी बाईंनी मला चूल पेटवायला दिली होती. सन सदतीसची आहे, पण पानं सगळी कोरी. मुरबाडच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्यासारखीला कोरा कागद जाळवत नाही. तशीच ट्रंकेत ठेवली. आज वार खोडून नवे घालते आहे.

लिहायचं कारण असं, की एक गोष्ट पोटात ठेवून ठेवून मला घास उतरेनासा झालाय. ह्यांच्या जिभेची चव गेली. वासही येईना. लिहिलं बाई एकदाचं.

चैत्रात ह्यांना मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस. ताप उतरला, अंगात ताकद आली, गळलेले केससुद्धा फुटायला लागले, पण चव काही परत आली नाही. मला कळलं ते असं. दूध लागून सगळ्या स्वयंपाकघरात करपट वास, आणि हे शेगडीशेजारी बसून निवांत कांदा चिरतायत. मी ओरडले, "अवो, दूध करपलं!" तर म्हणतात, "कुठं?" समोरच्या पातेल्याकडे बघून म्हणतात कुठं! मग हळूच म्हणाले, "कमळ, मला काय बी लागत नाय गो. माती खाल्ली तरी कळायची नाय."

बाप गेला तेव्हा डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं या माणसानं. त्या दिवशी माझ्यासमोर डोळे पुसले.

हे इथले आचारी. आसनगाव स्टेशनाच्या अलीकडे शेठांचा बंगला, मागे आमची खोली. शेठ लाकडाचा ठेका घेत, ते वारले. आता पारशीण बाई एकट्या राहतात. एकुलता मुलगा विलायतेत डॉक्टर व्हायला गेलाय, त्याला आम्ही सगळे बाबाच म्हणतो. मी झाडलोट, धुणं बघते. पण घर चालतं ते ह्यांच्या हातावर. चव नसलेला आचारी कोण ठेवील? आणि लपवलं तर बाई ठेवतील का? देवजी माळ्याचं काय झालं ते मी या डोळ्यांनी बघितलंय. बाबानं लावलेलं आंब्याचं कलम देवजीच्या हयगयीनं वाळलं, त्यानं गुपचूप दुसरं आणून त्याच जागी लावलं. बाईंनी ओळखलं. म्हणाल्या, "झाड मेला तर मी रडली असती. पण तू मला बनवला." त्याच दिवशी देवजीनं बोचकं बांधलं. अकरा वर्षांची चाकरी.

आता आम्हीही बाईंना बनवतोय.

१८ मे, रविवार

तोड काढली आहे. हे रांधतात, मी मागे पाटावर बसून लसूण सोलते. पळीतलं थेंबभर माझ्या तळहातावर घालतात, मी चाटते. बोलायची सोय नाही. जेवणाची खोली भिंतीपलीकडेच, आणि नोकरानं चाखलेलं बाईंना बिलकूल चालत नाही, उष्टं म्हणतात. म्हणून बांगड्यांची खूण. एक वाजली तर अजून घाला. दोन वाजल्या की पुरे.

आज धानसाक होतं, मटण घातलेली डाळ. तीन वेळा एक वाजली, मग दोन. छाती अशी धडधडत होती की बांगडी वाजते की छाती वाजते तेच कळेना.

आणि नेमक्या तेव्हाच बाई दारात! कधी नव्हे त्या. पदर डोक्यावरून घेतलेला, पायात सपाता, आवाज नाही. किती वेळ उभ्या होत्या देव जाणे.

"कमळ, तू रोज इथे काय करते?"

"लसूण सोलते, बाई."

बाईंनी माझ्या पुढ्यातला ढीग बघितला. एवढ्या लसणात गावजेवण झालं असतं.

"जयराम, तुझी तब्येत आता बरी आहे?"

"येकदम झ्याक, बाई," हे म्हणाले.

बाई शेगडीकडे बघत उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या. माझ्या बोटांना अजून लसणाची आग होतेय.

२३ मे, शुक्रवार

ताटं परत येतायत. मासळी अर्धी, भात तसाच, काल तर अंड्याची पोळी नुसती टोचून ठेवलेली. ताट बाहेर आलं की मी उरलेलं खाऊन बघते. मीठ बरोबर, आंबट बरोबर. मग का खात नाहीत? माझीच जीभ बिघडली की काय, असं वाटून आज दहा वेळा साखर खाऊन पाहिली. गोड लागली.

बाईंना संशय आलाय. दुसरं काही असूच शकत नाही. सकाळपासून फाटकाशी उभ्या असतात, टपालवाल्याची वाट बघत. तो लांबून मान हलवतो, तरी बाई हलत नाहीत. आणि रोज पत्रं लिहितात. मुंबईला जातात ती पत्रं, टपालवालाच म्हणाला, आणि डाकेत टाकायला जातं कोण? मी! वरचं इंग्रजी मला वाचता येत नाही. पण एवढी पत्रं कशाची असणार? नवा आचारी बघा म्हणून लिहीत असणार. स्वतःच्या हातानं आपल्या घराचा निरोप पेटीत टाकून येते मी रोज. आज एक पत्र फाडून ओहळात टाकावं असं मनात आलं. हात धजला नाही. देवजी आठवला.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग आपनच सांगून टाकू." मी म्हटलं, "आणि मग? शेणव्याला जाऊन तुमच्या भावाच्या दारात बसायचं? तुमची भावजय पाण्याचा तांब्या तरी देईल का?" मीच टोचून बोलले आणि मीच मग रडत बसले.

३० मे, शुक्रवार

आज बाईंनी दोघांना हॉलमध्ये बोलावलं. वाटलं, झालं.

पण बाई म्हणाल्या, "जयराम, नऊ तारीखला बाबाचा वाढदिवस. काबलर करायचा."

काबलर हे एक साहेबी गोड आहे. खाली फळ, साखर घातलेलं. वर लोणी, मैदा, अंड्याचे मऊ गोळे चमच्यानं टाकायचे आणि लोखंडी डब्यात भाजायचं, खाली निखारे, झाकणावर निखारे. आमच्याकडे पानगे भाजतात तसलाच प्रकार, फक्त नखरा जास्त. हे ते मुंबईला एका गोव्याच्या आचाऱ्याकडून शिकले. बाबाला त्यातलं चेरीचं आवडतं. दर साली डब्यातली चेरी येते, बिया काढलेली, पाकातली. मी ती कधी पाहिलीसुद्धा नाही, ह्यांच्या तोंडून ऐकलेलं.

"यंदा डबा नाय मिळत," बाई म्हणाल्या. "लढाई आहे, बोट नाय येत. माझा भाऊ लाहोरला आहे, तो ताजी पाठवते. काश्मीरची."

"बाबांचं काय पत्र, बाई?" ह्यांनी विचारलं. मी ह्यांच्याकडे डोळे वटारले. नको तिथं कशाला तोंड उघडायचं!

बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ठीक आहे. बाबा ठीक आहे. तिकडे बॉम्ब पडते ना, म्हणून टपाल उशीर करते."

मग मला कळलं की हा घाट कशासाठी. हे दर साली करतात तोच जिन्नस पुढ्यात मागायचा, आणि चव बिघडली की बोट ठेवायला जागा. हुशार आहेत बाई. ह्यांना म्हटलं तर म्हणाले, "नाय गो, तिचं पोर लांब हाय, दुसरं काय नाय." भोळा शंकर आहे हा माणूस.

४ जून, बुधवार

उत्तर आलं! टपालवाल्यानं आज मान हलवली नाही, पत्र दिलं. बाईंनी फाटकातच फोडलं. दोन ओळींचं असेल नसेल. वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं, पुन्हा वाचलं. मी अंगणात शेणसडा घालत होते. बाईंनी पत्र मुठीत चुरगळलेलं मला लांबून दिसलं. इतका राग?

आत आल्यावर म्हणाल्या, "सोमवारी मुंबईचा माणूस येणार. चार वाजता. कागदावर नाय लिहीत, म्हणतो. स्वतः येऊन बोलतो, म्हणतो."

सोमवार म्हणजे नऊ तारीख. काबलरचाच दिवस. म्हणजे नवा आचारी स्वतः येऊन खाणार, ह्यांची परीक्षा बघणार, आणि बाईंना तोंडावर सांगणार.

आणि त्याच दिवशी वटपौर्णिमा आलीय. माझा उपास! उपासाच्या दिवशी मी अंड्याचं चाखणार कसं? ह्यांना म्हटलं, तर म्हणतात, "मापानं करीन. हात इसरला नाय अजून." बरं. मापानं तर मापानं. देवा, तूच आता.

८ जून, रविवार

काल संध्याकाळी स्टेशनावरच्या हमालानं करंडी आणून टाकली. गवतात घातलेली चेरी. अर्धी वाटेतच सडलेली. चांगली निवडून भरली तर एक मोठं पातेलं झालं. ह्यांनीही ताजी चेरी जन्मात पहिल्यांदा बघितली. लाल, काळपट, देठाला लोंबणारी. आत एकच बी.

पाड्यावरची तानी करवंदं घेऊन आली होती. माहुलीच्या रानातनं काढते, पळसाच्या द्रोणात घालून विकते. पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "गो बाय, ही करवंदाची बहीणच हाय. खाते का कोणी?"

"साहेब लोक खातात."

"आमी त फुकट खातू," म्हणाली आणि हसत सुटली. या बाईला कशाची भीती म्हणून वाटत नाही. मला हेवा वाटला.

एक चेरी खाऊन बघितली. आंबटगोड, बरी लागली. पण थोड्या वेळानं घसा खवखवायला लागला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, अगो बाई, चीक! करवंदाला चीक असतो तसा हिलाही असणार. मुरबाडला माझी आई करवंदं रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायची. सकाळी चीक वर आलेला असायचा, मग निथळून घ्यायची. न ठेवता केलं तर घसा धरतो. डब्यातल्या चेरीचा चीक तिकडं साहेबांनी काढलेला असणार, म्हणून ह्यांना ठाऊक नाही. उद्या त्या नव्या आचाऱ्याचा घसा धरला म्हणजे?

ह्यांनी दुपारभर बसून माझ्या केसांच्या आकड्यानं एकेक बी काढली. थकून झोपले. त्यांना उठवलं नाही. मी पातेल्यात पाणी घातलं, चांगलं ओंजळभर खडेमीठ घातलं, वर फडकं बांधलं. आता जरा जिवाला बरं वाटतंय. निदान एक गोष्ट तरी माझ्यामुळे सुधारली.

९ जून, सोमवार, सकाळ

पाणी लालभडक झालंय! एवढा चीक होता. निथळून, परत एकदा धुऊन ह्यांच्या पुढ्यात ठेवली आणि सांगितलं. ह्यांनी जिभेवर टाकून बघितली, सवयीनं. मग मान हलवली, "मला काय कळतंय? तू म्हनतेस त बरोबर असंल." मला चाखता येत नाही, वड पुजेपर्यंत तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही. आता वडाला जाऊन येते. आज दोरा गुंडाळताना सात जन्म मागायची नाही. हाच जन्म निभाव म्हणून सांगणार आहे.

त्याच दिवशी, दिवेलागण

सगळं लिहून ठेवते.

वडाहून आले तेव्हा काबलर डब्यात होतं. झाकणावर निखारे, लोण्याचा वास सुटलेला. हे म्हणाले, "कमळ, वायचं चाख ना. आज मला धीर नाय."

मी म्हटलं, "तुमच्याच आयुष्याचा उपास धरलाय मी. त्यात अंडं खाऊ?"

वास इतका चांगला होता की मलाही वाटलं, जमलं.

तीनच्या सुमाराला तानी आली, शेवटची करवंदं घेऊन. पाऊस लागला की त्यांत अळ्या पडतात, म्हणून होती नव्हती ती टोपलीभर काढून आणलेली. तिला पायरीवर बसवलं आणि पातेल्याच्या बुडाशी साखर घातलेली चेरी थोडी उरली होती, ती द्रोणात दिली. त्यांच्यात हा उपास नसतो. तिनं तोंडात घातली आणि थू करून अंगणात टाकली.

"गो बाय! खारट खारट! मीठ कोनी लोटलं यात?"

मला पहिल्यांदा कळेचना. मग सगळं एकदम कळलं. बिया काढून उघड्या पडलेल्या फळात रात्रभर मीठ शिरत होतं आणि मी वर फडकं बांधून झोपले होते.

ह्यांनी डबा उघडला. वर छान तांबूस गोळे फुगलेले. मी चमचा घेतला. हातात चमचा, गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला वडाच्या पूजेचं हळदकुंकू. एकीकडं ह्यांचं आयुष्य आणि एकीकडं ह्यांची भाकरी. देवा, मला माफ कर, मी घास घेतला. समुद्राचं पाणी बरं! वरून साखर आणि आतून मीठ, गिळवेना. हे माझ्या तोंडाकडं बघत होते. मग स्वतः चमचाभर खाल्लं, शांतपणे चावलं, गिळलं. म्हणाले, "मला काय बी कळत नाय गो." त्या वाक्याला मी जितकी भ्याले तितकी त्यांच्या तापालाही भ्याले नव्हते.

"बाईंना सांगतो," हे उठले.

"आणि तो मुंबईचा माणूस चार वाजता दारात उभा राहील तेव्हा?" मी म्हटलं. "बसा खाली. तानी, टोपली इकडं दे."

देवजीनं हेच केलं होतं. एक मेलं, तर त्या जागी दुसरं लावलं. मला ते ठाऊक होतं आणि तरी मी केलं. खोटं कशाला लिहू.

तानी आणि मी नखांनी करवंदं फोडत गेलो, बिया झटकत गेलो. बोटं चिकानं चिकटली, तशीच राखेत घासून पुन्हा फोडायला घेतली. साखर संपलेली, गूळ किसला. मैदा मूठभर, त्यात तांदळाचं पीठ घातलं. अंडं एकच उरलेलं. बांगड्यांची खूण कुठली, तोंडानंच सांगत होते. "गूळ घाला. अजून. आंबट आहे अजून. चिमूटभर सुंठ घाला. पुरे, पुरे!" आठ वेळा तरी चाखलं असेल. उपास मोडलाच होता, मग अर्धा काय नि सगळा काय. पण दर घासाला ह्यांच्याकडं बघत होते, धड उभे आहेत ना म्हणून.

चार वाजता टांगा आला. उतरला तो म्हातारा पारशी, काळा कोट, हातात छत्री. हा कसला आचारी? मग वाटलं, आचारी ठेवून देणारा कोणी असेल. कोटाच्या खिशातून पाकीट डोकावत होतं. शिफारशीची चिठ्ठी असणार.

काबलर भाजायला अजून वेळ होता. मी दाराआड उभी. म्हातारा उभाच राहिला, बसेना. म्हणाला, "बाई, मला आधी बोलू द्या."

बाई म्हणाल्या, "नाय. आज माझ्या बाबाचा वाढदिवस. आधी खायचा. मग बोल."

"बाई, ऐका..."

"मी बोलली ना? खाऊन झाल्यावर."

म्हातारा खुर्चीच्या टोकाला टेकला, खिशावर हात ठेवून. शेवटी मीच काबलर नेऊन ठेवलं. रस काळाजांभळा, कडेनं उतू गेलेला. चेरीचा रंग असा नसतो, आंधळ्यालाही कळलं असतं. बाईंनी पहिला घास तोंडात घातला आणि थांबल्या. बाईंनी मान वर करून माझ्याकडं बघितलं, माझ्या बोटांकडं बघितलं. काळी, चिकानं माखलेली. मी पदरात लपवली.

मग बाईंनी दुसरा घास घेतला. मग तिसरा. म्हाताऱ्यानं चमच्याला हात लावला नाही. रुमालानं डोळे पुसत बसला होता, प्रवासात कोळसा गेला असेल. बाईंनी आपली बशी संपवली आणि त्याची ओढून घेतली. तीही संपवली, सावकाश, एक करवंद न ठेवता. महिन्याभरात पहिल्यांदा ताट कोरं परत आलं!

मी धावत जाऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी मला चक्क मिठीत घेतलं, तानीसमोर! वाचलो. वाचलो बाई. भिंतीपलीकडं म्हातारा काहीतरी बोलत होता, खालच्या आवाजात. बाईंचा आवाज येत नव्हता. असेना. ज्यानं चमचा लावला नाही तो काय नावं ठेवणार?

१० जून, मंगळवार

तो आचाऱ्याचा माणूस नव्हता. शेठांचे मुंबईचे वकील होते, बाबाची खबर काढा म्हणून बाई रोज त्यांनाच लिहीत होत्या. पाकिटात विलायतेची तार होती. बाबा गेला. बॉम्ब पडून, मे महिन्याच्या दहा तारखेला.

बाईंनी आज सकाळी स्वतः येऊन सांगितलं. दोन वाक्यांत. मग म्हणाल्या, "तीन दिवस मटण-मासळी नको," आणि गेल्या. हे पायरीवर बसून राहिलेत. बाबा लहानपणी ह्यांच्या खांद्यावर बसून स्टेशनावर गाडी बघायला जायचा.

मी काल आनंदानं नाचले. भिंतीच्या या बाजूला.

बोटांवर मोजून बघितलं. मी उपास मोडला नऊ जूनला. बाबा गेला त्याच्या महिनाभर आधी. म्हणजे माझ्यामुळे नाही. असं मनात आलं आणि थोडं बरं वाटलं. मग स्वतःची इतकी किळस आली की जेवले नाही. ती सगळी पत्रं मी डाकेत टाकत होते, आणि त्यातलं एक फाडणार होते.

१३ जून, शुक्रवार

आज बाई स्वयंपाकघरात आल्या आणि पाट ओढून माझ्या शेजारी बसल्या. खाली! हे हातातली पळी घेऊन उभे. मी लसूण सोलत होते, सवयीनं.

"ती चेरी नव्हती," बाई म्हणाल्या.

ह्यांनीच सांगितलं. ताप, जीभ, मिठाचं पाणी, करवंदं, सगळं. काही राखून ठेवलं नाही. शेवटी म्हणाले, "बाई, आमी उद्या जातो. देवजी गेला तसं."

"मला ठाऊक होता," बाई म्हणाल्या. "मी बहिरी आहे? एक बांगडी वाजली की जयराम मीठ घालते. दोन वाजली की थांबते. महिनाभर ऐकते मी. रोज बोलते, आज काढीन दोघांना. रोज उद्यावर टाकते."

ह्यांनी पळी खाली ठेवली.

"देवजी खोटा बोलला, मी काढला. तुम्ही पण खोटा बोलला." बाईंनी माझ्या पुढ्यातली लसणाची पाकळी उचलली. "मी पण बोलली. बाबा ठीक आहे, बोलली. कोणी पण विचारला, मी बोलली ठीक आहे. मला पत्र नाय आला तेव्हाच कळला होता."

मग म्हणाल्या, "बाबा इकडे होता तेव्हा या डोंगरात जायचा. तोंड, शर्ट, सगळा काळा करून यायचा करवंदांनी. मी मारायची त्याला. त्या दिवशी पहिला घास घेतला आणि तोच आला समोर, काळा तोंड घेऊन. म्हणून खाल्ला मी. सगळा खाल्ला." बाईंनी माझा हात हातात घेऊन बोटं बघितली. अजून डाग गेलेले नाहीत.

"तेव्हापासून मला काय चव नाय लागते, कमळ. चहा, पाणी, सगळा सारखा. आता तू जयरामला बांगडी नको वाजवू. तोंडानं सांग. आणि मला पण सांग."

उठून गेल्या. आम्ही राहणार आहोत. लिहिताना अजून खरं वाटत नाही. आणि भीती गेली म्हणावं तर तसंही नाही. वडाचा उपास मोडलाय. ह्यांना साधा ठसका लागला तरी मी उठून बसते. पुढच्या वटपौर्णिमेला दोन दिवस धरीन.

दुपारी वरण केलं. ह्यांनी पळी माझ्यापुढं धरली आणि विचारलं, "कसं झालंय?" मी म्हटलं, "बरोबर." तेच बाईंपुढं वाढलं. बाईंनी एक घास घेतला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "कसा आहे?"

मी म्हटलं, "चांगलं आहे, बाई. खा." त्यांनी खाल्लं.